खालचा सा

"फिर से बजाओ, माई," चंदर म्हणाला आणि त्याने पायपेटीच्या उघड्या पाठीत जवळजवळ डोकंच घातलं.

लोईसबाईंनी पायाने भाता हलवला आणि खालच्या सप्तकातला ग दाबून धरला. सूर लागला, आणि त्याच्या मागून ती घरघर आली. पातेल्यावरचं झाकण वाफेने थरथरावं इतकी बारीक. बाईंनी बोट उचललं की थांबायची, पुन्हा दाबलं की यायची.

चंदरचं उल्हासनगरात कॅम्प एकला पेटीदुरुस्तीचं दुकान होतं. सिंधी दरबारातल्या, भजनी मंडळांच्या, शाळांच्या पेट्या त्याच्याकडे यायच्या, आणि गेली वीस वर्षं चर्चची ही पायपेटीही त्याच्याच हाताखालून जात होती. चर्चचा भाड्याचा हॉल पहिल्या मजल्यावर, आणि पेटी जिन्यावरून खाली नेणं म्हणजे चौघांचं काम, म्हणून हत्यारांची पिशवी घेऊन तोच वर यायचा. आज गायनमंडळातल्या सुनंदाने त्याला मुद्दाम शुक्रवारी बोलावलं होतं. शुक्रवारी वरच्या मजल्यावरचा शिलाईचा कारखाना बंद असतो, मशीनं गप्प असतात, त्यामुळे ऐकायला बरं.

त्याने गची पितळी पट्टी काढून फुंकली, पुसली, परत बसवली. शेजारच्या दोन तपासल्या. भात्याचं कातडं चाचपलं. मग दिवाळीपासून तिसऱ्यांदा त्याने पाठीची फळी लावली आणि स्क्रू पिळता पिळता म्हणाला, "पेटी में कुछ नहीं है, माई. तकलीफ कमरे में है."

त्याने वर पाहिलं, म्हणून त्या दोघींनीही पाहिलं. वर पांढरंशुभ्र पीओपीचं छत होतं. कडेने वेलबुट्टी, मधोमध कबुतर, कबुतराभोवती बारा दिवे. आदल्या वर्षीच्या नाताळात बसवलेलं. इतकं देखणं छत अंबरनाथ-बदलापूरच्या कुठल्याही चर्चमध्ये नाही असं सगळे म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

याच्या मागे काय आहे ते कुणी पाहिलंय का, असं चंदरने विचारलं. कुणीच पाहिलं नव्हतं.

सुनंदाने थर्मासमधला चहा ओतला. एरवी खुर्ची ओढून, पाय पसरून तासभर गप्पा हाणणारा हा माणूस आज कप घेऊन थेट दाराच्या चौकटीत जाऊन उभा राहिला आणि तिथेच चहा प्याला.

"हमारी बिल्डिंग में भी छत बोलती थी," तो कपात बघत म्हणाला. "दो महीना बोली. फिर एक दिन चुप हो गई. भाभी बोली, चलो, अच्छा हुआ."

पुढचं त्याने सांगितलं नाही. उल्हासनगरात राहणाऱ्या माणसाला पुढचं विचारावं लागत नाही. स्लॅब कोसळल्याच्या बातम्या तिथे इतक्या वेळा येतात की लोक आकडा वाचून पान उलटतात. कप खाली ठेवताना तो एवढंच म्हणाला, "जब तक बोलती है, तब तक पकड़ के बैठी है, माई. इतना याद रखना."

त्या दिवशी त्याने मजुरी घेतली नाही. पेटीला काही झालंच नव्हतं, मजुरी कसली, असं त्याचं म्हणणं. सुनंदाला मात्र त्या न घेण्याचीच जास्त धास्ती वाटली.

लोईसबाई शिरसाठ. वय अठ्ठ्याहत्तर. पांढऱ्या केसांचा अंबाडा, बारीक काठाची सुती पाचवारी, पायात काळे कापडी बूट, उजव्या कानात श्रवणयंत्र. अमेरिकेत मक्याच्या शेतांमधल्या कुठल्याशा गावात जन्मलेली ही बाई पंचवीस वर्षांची असताना नगरकडच्या एका मिशन शाळेत दोन वर्षांसाठी संगीत शिकवायला आली, आणि तिथे सुट्टीवर आलेल्या चिंतामणी शिरसाठ नावाच्या टर्नरच्या प्रेमात पडून कायमची अंबरनाथला राहिली. चिंतामणी अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथ चालवायचे. मराठी तिने सासूकडून घेतलं, त्यामुळे ते पक्कं नगरी होतं. रस्त्यात ही गोरी म्हातारी भाजीवाल्याला "काय रं लेकरा, वांगी कवाची हायेत ही?" असं विचारायची तेव्हा नवखी माणसं हातातली पिशवी विसरून बघत राहायची.

चाली बांधणं हा तिचा जन्माचा उद्योग. लग्नाची गीतं, बाप्तिस्म्याची, कापणीच्या सणाची, दफनाची. सासूच्या अंगाईचा एखादा वळसा घ्यायचा, आपल्या गावच्या चर्चमधली एखादी चढण घ्यायची आणि दोन्हींचा सांधा असा बसवायचा की कुठे जोडलंय ते कुणाला कळू नये. चिंतामणींनी कारखान्यातून आणलेल्या पोलादी पट्टीने ती वहीत विलायती स्वरलिपीच्या पाच पाच रेघा आखायची आणि स्वरांखाली मराठीत शब्द लिहायची. अशा शंभराच्या वर चाली झाल्या. कुळगावच्या लग्नात त्या गायल्या जात, चामटोलीच्या शेतावर नवीन घर बांधलं की गायल्या जात, आणि गीतांच्या छापील पुस्तकात त्यांच्याखाली 'चाल : पारंपरिक' असं येई. सुनंदाला याचा संताप यायचा. बाईंना हसू यायचं. जित्तेपणी पारंपरिक व्हायला किती जणींना मिळतं, म्हणायच्या.

सुनंदा नऊ वर्षांची असल्यापासून त्यांच्या हाताखाली होती. आता ती बावन्न वर्षांची, अंबरनाथच्या कंपनीत डिस्पॅचला क्लार्क, राहायला कुळगावात, आणि चर्चच्या गायनमंडळाची दुसरी प्रमुख. पहिली कोण हे सांगायला नको. बाईंनी मूठ मिटली की बावीस गळे एका क्षणात बंद होत, आणि ती मूठ कधी मिटणार हे सुनंदाला पाठमोरी असतानाही कळायचं.

चंदर गेल्यावर बाईंनी वही काढली. शेवटच्या पानावर त्यांनी पाच रेघा आखून नुसती टिंबं मांडली होती, शब्द नव्हते. प्रत्येक टिंबाखाली तारीख. दिवाळीच्या आठवड्यात घरघर खालच्या प वर यायची. नाताळात ती म वर आली. आता जानेवारी संपत होता आणि ती ग वर होती.

"ढोलकीचं कातडं सैल पडलं की आवाज उतरतो का न्हाई?" बाईंनी विचारलं. "ह्ये बी उतरतंय. काय तरी सैल पडतंय वर. आन् जितकं सैल, तितका सूर खाली."

सुनंदाने ती टिंबं पाहिली. पायऱ्या उतरत यावं तशी ती खाली येत होती. पुढची पायरी रे, आणि त्याच्या पुढे सा. खालचा सा गायनमंडळाला वर्षातून एकदाच लागायचा, उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशूच्या वधस्तंभावरच्या सातव्या उद्गाराच्या गीतात.

हे सगळं पंचांच्या कानावर घालणं सुनंदाकडे आलं, कारण चर्चचा सचिव तिचा सख्खा धाकटा भाऊ होता. अभिजीत बदलापूर पूर्वेला नव्या कॉम्प्लेक्समध्ये राहायचा, चांगल्या नोकरीत होता, आणि चर्चसाठी मरमर मरायचा. पीओपीचं छत त्याचं. कारागीर त्याने शोधला, कबुतराचं चित्र त्याने निवडलं, तीन रविवार शिडीवर चढून दिवे त्याने स्वतः बसवले.

सभेत त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तो मुळात वाईट नव्हताच, हीच तर अडचण होती. वर मशीनं चालतात, त्याने पीओपी थोडं हादरतं, जुनी पेटी जुन्यासारखीच वाजते, आणि बाईंच्या कानात यंत्र आहे, ते कधी कधी शिट्टी मारतं हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे, असं त्याने एकेक करून मांडलं. पीओपीचा एक चौकोन काढून आत बघू या, असं सुनंदा म्हणाली. त्यावर घरमालकाला विचारावं लागेल, असं तो म्हणाला, आणि मग सगळेच गप्प झाले.

त्या गप्प बसण्याला कारण होतं. या हॉलच्या आधी चर्चने दोन जागा सोडल्या होत्या. एका ठिकाणी शेजाऱ्यांनी तक्रार केली, दुसऱ्या ठिकाणी मालकावर दबाव आला. प्रार्थनेला जागा हवी म्हटलं की माणसं आधी हसत बोलायची आणि दुसऱ्या दिवशी फोन उचलायची नाहीत. हा मालक भला होता. त्याच्या इमारतीत खोट काढली, पालिकेत कळवलं, तर उद्या पंचवीस कुटुंबं कुठे जाणार?

"ताई, इथून निघालो तर परत कुठं मिळणार?" अभिजीत सभेनंतर जिन्यात तिला म्हणाला. "ईस्टर होऊ दे. मग मी स्वतः चौकोन काढतो. प्रॉमिस."

चर्चच्या पाळकसाहेबांनी प्रार्थना करू या म्हटलं. प्रार्थना झाली.

लोईसबाई कुणाशी भांडल्या नाहीत. त्यांनी त्यांच्या पद्धतीने काम सुरू केलं. आधी सगळी गीतं दोन स्वर वर चढवली, जेणेकरून खालच्या सुरांना हात लागू नये. पुरुषांचे गळे फाटायला लागले. हरिचंद्र नावाचा एक जाड्या आवाजाचा गडी होता, तो म्हणाला, बाई, मला बायकांत बसवा आता. मग एका रविवारी त्यांनी गायनमंडळाच्या खुर्च्या पुढून उचलून मागे, दाराजवळ नेल्या. मागून गाणं आलं की लोकांना धीर येतो, म्हणाल्या. पुढच्या रविवारी आणखी एक रांग मागे. म्हाताऱ्या बायकांना गाणाऱ्यांच्या जवळ बसायची सवय, त्याही आपापल्या खुर्च्या घेऊन मागे सरकल्या. लेकरं आयांच्या मागे गेली. ईस्टरआधीचा उपवासाचा काळ सुरू होईतो हॉलचा मधला भाग मोकळा पडला होता. अभिजीतला ती मांडणी खटकायची, पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला खुर्च्यांवरून काय बोलायचं.

पायपेटी तेवढी जागची हलली नाही. ती कबुतराच्या बरोबर खाली होती. सुनंदाने एकदा विचारलं की बाई, तुम्हीही मागे या ना, पेटी चौघांना सांगून ओढून घेऊ. बाई म्हणाल्या, "मंग ऐकणार कोन?"

मार्चात टिंब रे वर आलं. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी बाईंनी नवं गीत दिलं, ते चालता चालता गायचं होतं. सगळे झावळ्या घेऊन खाली उतरले आणि गल्लीत उभे राहून गायले. गीताला बाईंनी शेवटच ठेवला नव्हता, ध्रुवपद संपत आलं की पुन्हा पहिल्या ओळीवर जायचं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. एप्रिलचं ऊन चटचटत होतं. शेवटी पाळकसाहेबांनी हात वर केला आणि सगळे वर आले. प्रवचन झालं, आशीर्वचन झालं. वर मशीनं खडखडत होती. काहीही झालं नाही.

त्या दिवशी जिन्यात कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं की बाईंचं आता वय झालं. सुनंदाने ते ऐकलं आणि ती त्या माणसाला काही बोलली नाही. तिलाही क्षणभर तसं वाटलं होतं, याची तिला आजही लाज वाटते.

रविवारी उपासना संपली की बाई पेटीवर एक चाल वाजवत. ती त्यांची अंबरनाथला आल्यावरची पहिली चाल, पन्नास वर्षांपूर्वीची. शेवटचा माणूस दाराबाहेर पडेपर्यंत वाजवायची आणि मग स्वतः उतरायचं, हा त्यांचा नेम. गुडघे गेल्यापासून तो नेम सोयीचाही झाला होता. त्या एकेक पायरी दोन्ही पाय टेकत उतरत, मागच्यांचा खोळंबा व्हायचा. त्या चालीवर सगळ्यांचे पाय आपोआप रांगेत पडत, कुणी ढकलत नसे. वर्षातला एकच दिवस ती वाजत नसे. उत्तम शुक्रवारी लोक न बोलता, पेटीविना घरी जातात.

उत्तम शुक्रवारची उपासना बारा ते तीन. सात उद्गार, सात प्रवचनं, सात गीतं. वर कारखान्याला सुट्टी, त्यामुळे हॉलमध्ये नुसते पंखे ऐकू येत होते. आदल्या आठवड्यात वर कापडाचे नवे गठ्ठे आल्याचं खालच्या दुकानदाराने सुनंदाला सहज सांगितलं होतं. ट्रकभर, म्हणाला, सीझन आहे.

सातवं गीत वर चढवून गाता येत नव्हतं. ते मुळात उतरायचं गीत होतं. प्रत्येक कडवं एकेक पायरी खाली येई आणि चौथ्या कडव्याच्या शेवटी, 'हाती तुझ्या, बापा' या शब्दांवर, सगळे खालच्या सा वर येऊन थांबत. बाईंनी ते चिंतामणी आजारी असताना बांधलं होतं. तालमीच्या दिवशी सुनंदा म्हणाली होती की हे या वर्षी वगळू या. बाई म्हणाल्या की वगळलं तर आपल्याला कळणार कसं.

अडीच वाजून गेले. गीत सुरू झालं. सुनंदा दाराशी गायनमंडळासमोर उभी, बाई दूर मधोमध पेटीवर, मध्ये रिकामी फरशी. दुसऱ्या कडव्यात प आला. घरघर नव्हती. म आला, ग आला. नव्हती. रे वर गेल्या रविवारपर्यंत ती नक्की होती. आज रे आला आणि गेला, स्वच्छ.

तिसऱ्या कडव्याच्या शेवटी बाईंनी खालचा सा नुसता एकदा दाबून पाहिला, गीतात तो तिथे नव्हता. सूर पाण्यासारखा नितळ लागला. हॉलमधल्या साठ-सत्तर माणसांपैकी ज्यांना त्या घरघरीचं ठाऊक होतं त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. पुढच्या रांगेतून अभिजीतने वळून ताईकडे पाहिलं आणि तो हसला. त्या हसण्यात टोमणा नव्हता. सुटलो एकदाचे, एवढंच होतं.

चलो, अच्छा हुआ. सुनंदाच्या कानात चंदरच्या भावजयीचे शब्द आले, जिला तिने कधी पाहिलंही नव्हतं.

बाईंनी मान वर केली आणि सुनंदाकडे पाहिलं. मग पेटीवरचा डावा हात उचलून त्यांनी मूठ मिटली.

बावीस माणसं त्या मुठीकडे पाहत नव्हती, ती सुनंदाकडे पाहत होती. तिनेही मूठ मिटून गाणं थांबवायचं होतं. तिने थांबवलं नाही. चौथं कडवं सुरू झालं, आणि ते पूर्ण होईपर्यंत सुनंदा हात हलवत राहिली आणि विचार करत राहिली. उत्तम शुक्रवारी गीत मध्येच तोडायचं. लोकांना बाहेर काढायचं. आणि काही झालं नाही तर? अभिजीतचं नाक कापलं जाईल, मालकाला कळेल, जागा जाईल, आणि पंचवीस कुटुंबं जन्मभर म्हणतील की सुनंदाने चर्च मोडलं. सगळे खालच्या सा वर आले. इतका सुंदर सा त्या हॉलमध्ये कधी लागला नव्हता. त्याच वेळी तिला दिसलं की कबुतराभोवतीच्या बारा दिव्यांपैकी एक तिरका झाला होता आणि त्याच्यातून पिठासारखं पांढरं काहीतरी, अगदी संथ, पेटीवर पडत होतं.

तिने मूठ मिटली.

"उठा," ती म्हणाली. "सगळे खाली चला. मुलं आधी. आत्ता."

क्षणभर कुणी हललं नाही. मग कुणाच्या तरी खुर्चीचा पाय घासला, एक बाई वर बघून किंचाळली आणि सगळी माणसं एकदम दाराकडे वळली. जिना जेमतेम दोन माणसांचा होता. पाळकसाहेब काहीतरी सांगत होते ते कुणाला ऐकू येत नव्हतं. तेजल नावाची गायनमंडळातली मुलगी दारातच अडखळून पडली आणि तिच्यावर दुसरी.

आणि पेटी वाजायला लागली.

रविवारची चाल होती. वरच्या सप्तकात, सावकाश, नेहमीच्याच लयीत. चामटोलीची इंदुबाई, जिचे पाय गेले होते, खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली की आज कशी पेटी वाजवत्यात, आज न्हाई वाजवत. पण पायांना ती चाल पन्नास वर्षं ठाऊक होती. तेजल उठली. माणसं दोन-दोनच्या रांगेत आली. मुलं गेली, बायका गेल्या. सुनंदा कठड्याला धरून दारात उभी राहिली आणि एकेकाच्या पाठीवर हात ठेवून पुढे लोटत राहिली.

शेवटी आत तिघं उरले. अभिजीत बाईंकडे धावला. बाईंनी त्याच्याकडे न बघता हनुवटीने इंदुबाई दाखवली.

"हिला आधी घे," त्या म्हणाल्या. "मी वाजवते तवर."

त्याने इंदुबाईला पाठीवर घेतलं. सुनंदा पुढे झाली, तिला बाईंना आणायचं होतं, पण पाठीवर म्हातारी घेतलेल्या भावाचा जिन्यात तोल जात होता आणि तिने त्याला धरलं. तिघं खाली आली. इंदुबाईला पायरीवर टेकवून अभिजीत तसाच माघारी वळला. गल्लीत सगळे उभे होते. वरून चाल ऐकू येत होती. दुसरं आवर्तन संपलं. मग पेटी थांबली, म्हणजे बाई उठल्या असणार, असं सुनंदाला वाटलं. पेटीपासून दारापर्यंत त्यांना मिनिटभर लागायचं.

मिनिट झालं नाही. आवाज फार मोठा नव्हता. ट्रकमधून गठ्ठे टाकावेत तसे दोन धपके, आणि मग जिन्यातून पांढरा धुरळा खाली आला आणि त्या धुरळ्यातून अभिजीत, पिठाने माखल्यासारखा, दोन्ही हात पुढे धरून.

वरच्या मजल्याचा मधला स्लॅब गठ्ठ्यांसकट आला होता. काही दिवसांपासून तो झुकून पीओपीच्या सांगाड्यावर टेकला होता, म्हणून गप्प होता, असं नंतर पाहणी करणाऱ्यांनी सांगितलं. हॉलच्या दाराकडचा भाग शाबूत होता. जिना शाबूत होता. मागे नेलेल्या खुर्च्यांवर नुसती धूळ बसली होती. बाई पेटी आणि दार यांच्या मध्ये सापडल्या, दाराकडे तोंड करून.

सातव्या गीताच्या एका कडव्याला सव्वा मिनिट लागतं. सुनंदाला ते मोजावं लागलं नाही, तिने ते गीत तीस वर्षं बसवलेलं आहे. बाईंच्या मुठीनंतर ते एक कडवं तिने होऊ दिलं, हे तिने अजून कुणाला सांगितलेलं नाही, अभिजीतलाही नाही. तो बिचारा आपल्याच छताच्या ओझ्याखाली आहे.

ईस्टरनंतरच्या सोमवारी अंबरनाथच्या कबरस्तानात, चिंतामणींच्या शेजारी बाईंचं दफन झालं. सगळी मंडळी आली होती. भाजीवाला आला होता. अभिजीतच्या दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेल्या होत्या, तरी तो शवपेटीला खांदा द्यायला पुढे झाला आणि कुणी त्याला अडवलं नाही. चंदर स्कूटरवरून दुकानातली एक हातपेटी घेऊन आला, सतरंजीवर ठेवली, सूर तपासले आणि दूर चिंचेखाली जाऊन उभा राहिला.

कोणतं गीत, असं पाळकसाहेबांनी विचारलं. सुनंदाने सातवं सांगितलं. काहींनी चपापून एकमेकांकडे पाहिलं, पण बावीसच्या बावीस जण उभे राहिले. याही वेळी तिने ते वर चढवलं नाही. हरिचंद्रचा जाड आवाज आपल्या घरी आल्यासारखा लागला. एकेक कडवं उतरत गेलं. प, म, ग, रे. चौथ्याच्या शेवटी सगळे खालच्या सा वर आले, आणि तो लागला, स्वच्छ, नितळ, मागेपुढे काही नाही.

वर नुसतं आभाळ होतं. तरी सुनंदाची नजर वर गेली. तिने स्वतःला सावरून समोर पाहिलं, तर सूर न सोडता सगळं गायनमंडळ वरच पाहत होतं.